साडेचारशे सीसी, घोडबंदर रोड आणि पितृपक्ष

आधीच सांगून टाकतो, मी साडेचारशे सीसीची बाईक घेतली, पण मला लडाखला जायचं नव्हतं. स्पिती नाही, झंस्कार नाही, काही नाही. रोज ठाण्याच्या कासारवडवलीहून अंधेरीला सीप्झमधल्या ऑफिसात आणि संध्याकाळी परत, एवढाच आपला प्रवास. घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, मग ईस्टर्न एक्सप्रेसवरून मुलुंड-भांडुप मागे टाकत कांजूरला उजवीकडे आणि पुढे जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. एका बाजूने पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. ज्यांनी हा रस्ता पावसाळ्यात बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी, वर मेट्रोचे खांब, खाली अर्धं डांबर अर्धं सिमेंट आणि दोघांच्या मधे चार बोटांची पायरी, चौकाचौकात पेव्हर ब्लॉक आणि त्यातले निम्मे उखडलेले, आणि या सगळ्यातून गुजरातकडे निघालेले कंटेनर.

माझी जुनी युनिकॉर्न इमानदार गाडी, तिला मी कधीच नावं ठेवणार नाही, पण कंबर बोलायला लागली होती. डॉक्टर म्हणाले बाईक बंद करा. बंद करून जायचं कशाने ते काय ते सांगत नाहीत. ट्रेनने जायचं तर आधी ठाणे स्टेशन गाठा, मग घाटकोपर, मग मेट्रो, मग रिक्षा, आणि कार काढली तर दीड-पावणेदोन तास क्लच-ब्रेक. म्हणून ठरवलं की बाईकच, पण खड्डा पचवणारी. लांब ट्रॅव्हलचं, म्हणजे जास्त वर-खाली होणारं सस्पेन्शन, सरळ बसायची पोझिशन, रुंद हँडल. म्हणजे ॲडव्हेंचर बाईक. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले, ऑफिसला जायला ॲडव्हेंचर बाईक कशाला रे म्हणून. हसणारे सगळे पवईत, ऑफिसच्या जवळ राहणारे, हे लक्षात घ्या.

आता मिडलवेट, म्हणजे मधल्या आकाराची बाईक, कशाला म्हणायचं हा एक वेगळाच घोळ आहे. युरोपात साडेसहाशे ते नऊशे सीसीला मिडलवेट म्हणतात, आपल्याकडे साडेतीनशेच्या वर गेलं की सोसायटीतले लोक येऊन टाकीवर हात फिरवून जातात. मी कावासाकीच्या व्हर्सिस ६५० वर पण बसून आलो, २१९ किलो वजन, सीट ८४५ मिलीमीटर. बसलो, स्टँडवरून सरळ केली, परत स्टँडवर टेकवली आणि उतरलो. ट्रायम्फच्या टायगर स्पोर्ट ६६० ला तेव्हा ८१ पीएस ताकद होती म्हणे, असू दे, मला कापूरबावडीच्या सिग्नलला ८१ पीएसचं काय लोणचं घालायचंय. तर खरी यादी उरली ती अशी, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, केटीएमची नवी ३९० ॲडव्हेंचर एक्स, होंडाची एनएक्स५००, आणि वजनाने-सीसीने खालची असूनही यादीतून हटता हटत नाही अशी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, अडीचशे सीसीवाली.

यूट्यूबवर रिव्ह्यू बघायला बसलो तर एकूण एक माणूस डोंगरात. कोणी नदी ओलांडतोय, कोणी वाळूत मागचं चाक फिरवतोय, आणि शेवटी अर्ध्या मिनिटात, सिटीमध्ये पण ठीक आहे गाईज. ठीक आहे म्हणजे काय? सेकंड गिअरला रिक्षाच्या मागे बारा-पंधराच्या स्पीडने पाच मिनिटं चाललो तर गाडी काय करते, पिंडरीला गरम हवा किती लागते, यू-टर्न एका दमात बसतो का, हे कोणी सांगायला तयार नाही. तेव्हा म्हटलं आपणच बघू.

पहिली गोष्ट सीटची उंची. माझी उंची ५ फूट ५ इंच, मराठी माणसात नॉर्मल आहे, पण या गाड्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात तो माणूस नसतोच बहुतेक. आता नुसती उंची बघून काही कळत नाही, पायाची आतली लांबी बघावी लागते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे वर पर्यंत दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. मुलीच्या ॲटलासने काम झालं. माझी आली ७४ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे ७४० मिलीमीटर, आणि गाड्या सगळ्या ८२५ ते ८३५. कागदावर बघितलं तर विषय संपला.

पण कागद अर्धंच सांगतो. एक म्हणजे माणूस बसला की सस्पेन्शन खाली दबतं, आणि मऊ लांब सस्पेन्शनवाली गाडी जास्त दबते, त्यामुळे ८२५ ची एक गाडी आणि ८२५ ची दुसरी गाडी पायाला सारखी लागत नाही. दुसरं म्हणजे सीट पुढे किती रुंद आहे. टाकीजवळ सीट निमुळती असेल तर मांड्या कमी फाकतात आणि पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर तोच पाय दोन इंच तोकडा पडतो. एनएक्स५०० ची सीट ८३० आहे पण पुढे एवढी बारीक आहे की माझा पाय तिथे सगळ्यात बरा पोचला, मलाच खरं वाटेना.

आणि तिसरी गोष्ट तर कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. शोरूमची फरशी सपाट असते हो. आपण सिग्नलला थांबतो कुठे? डाव्या कडेला. आपल्या रस्त्याला पाणी वाहून जायला कडेकडे उतार असतो, म्हणजे डावा पाय जिथे टेकवायचा ती जागाच चाकापेक्षा खाली असते. त्यात ते ओले पेव्हर ब्लॉक, त्यात एखादा ब्लॉक नाहीच, त्याच्या जागी पाणी, आणि पाण्याखाली किती खोल ते देवाला माहीत. शोरूममध्ये टाच टेकली म्हणजे रस्त्यावर चवडा टेकणार, शोरूममध्ये चवडा टेकला म्हणजे रस्त्यावर अंगठा, आणि १९६ किलोची गाडी अंगठ्यावर तोलायची म्हणजे डावीकडे जरा जास्त झुकली की गेली. म्हणून मी काय केलं, प्रत्येक ठिकाणी डेमो गाडी बाहेर काढायला लावली आणि मुद्दाम गटाराच्या कडेला, उतारावर उभी करून बसलो. सेल्सवाला पोरगा म्हणायचा, सर आत आरामात बघा ना, एसी आहे. म्हटलं एसी असू दे, मला गटार बघायचंय.

टेस्ट राईडचं पण तेच. साधारण सगळीकडे सिस्टीम अशी की तुम्ही सकाळी अकराला या, लायसन्सची झेरॉक्स द्या, मागे एक पोरगा बसणार किंवा दुसऱ्या गाडीवर पुढे चालणार, सर्व्हिस रोडने सरळ जा, यू-टर्न मारा, परत या. अकराला सर्व्हिस रोड रिकामा. त्या दोन किलोमीटरमध्ये कुठलीही गाडी भारीच वाटते. मी म्हटलं मला संध्याकाळी सातला पाहिजे आणि माजिवड्याच्या जंक्शनपर्यंत न्यायचीय. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, रूट फिक्स आहे सर, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो. दुसऱ्या ठिकाणी मॅनेजर भला माणूस निघाला, म्हणाला महिनाअखेर झाली की या, तेव्हा डेमो गाडी मोकळी असते. तिसऱ्या ठिकाणी डेमो गाडीच नाही, बुकिंग करा मग मागवतो. बुकिंग करून टेस्ट राईड, हा प्रकार मला अजून समजलेला नाही.

शेवटी उपाय सापडला तो भाड्याच्या गाडीचा. सेल्फ-ड्राईव्हवाल्यांकडे हिमालयन ४५० मिळते, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरंवाली. सगळे लोक शनिवार-रविवारला नेतात, मी मुद्दाम सोमवार-मंगळवारला घेतली. भाडंही कमी, आणि मुख्य म्हणजे गाडी थेट ऑफिसला. भाड्याचे जे काही पैसे गेले ते तीन लाखाच्या वस्तूपुढे काहीच नाहीत, आणि त्या दोन दिवसांत जे कळलं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळलं नसतं.

काय कळलं ते सांगतो. खड्डा पहिला. वाघबीळच्या पुढे सिमेंट संपून डांबर सुरू होतं तिथे युनिकॉर्नवर मी अर्धा उभा राहायचो, सवयच होती ती. या गाडीवर उभा राहिलो आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी बसूनच राहिलो. पुढे-मागे दोन्हीकडे २०० मिलीमीटर ट्रॅव्हल आहे आणि पुढचं चाक २१ इंची, मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, कडेवरून चढून जातं. कंबरेला जे समजायचं ते समजलं. पण २१ इंची चाकाचं दुसरं अंग पण आहे, ट्रॅफिकमध्ये पटापट डावी-उजवी करताना ते जरा सावकाश वळतं. रिक्षा आणि बेस्टच्या बसच्या मधून सुळकन निघायची जुनी सवय सोडावी लागते. ते माझ्या बायकोच्या दृष्टीने चांगलंच झालं.

मग इंजिन. सिंगल सिलिंडर, ४५२ सीसी, ४० पीएस, ४० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ. आकडे सोडा. मोठ्या सिंगल सिलिंडरचा स्वभावच असा असतो की आरपीएम फार खाली गेला की ते कुरकुरतं, झटके देतं, मग हाफ क्लच मारत चालवायचं किंवा गिअर खाली आणायचा. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर आपण थर्डला पंधराच्या स्पीडने रेटतो तसं इथे चालत नाही, सेकंड म्हणजे सेकंड, आणि पार रांगायचं असेल तर फर्स्ट. एकदा हे अंगवळणी पडलं की काही नाही. क्लचला स्लिप-असिस्ट असल्याने तो हाताला हलका आहे, नाहीतर जेव्हीएलआरवर डाव्या पंजाची वाट लागली असती. एनएक्स५०० ला दोन सिलिंडर आहेत आणि तिथे फरक लगेच जाणवतो, शिवणयंत्रासारखं गुपचूप चालतं, थर्डला पण तक्रार नाही. नुसत्या ट्रॅफिकच्या दृष्टीने बोलायचं तर दोन सिलिंडर ते दोन सिलिंडर, यात वाद नाही. वादाचा मुद्दा किमतीचा, पण ते पुढे.

गरमीबद्दल सगळे विचारतात. यातलं कुठलंही लिक्विड कूल्ड इंजिन घ्या, ट्रॅफिकमध्ये थांबलात की रेडिएटरचा फॅन सुरू होणार आणि ती हवा कुठेतरी जाणारच. गाडीगाडीप्रमाणे ती गुडघ्याला लागते की पिंडरीला एवढाच फरक. जीन्स आणि घोट्यापर्यंतचे बूट घातले तर सुसह्य, पातळ फॉर्मल पँटवर नाही. मी आता ऑफिसात एक पँट ठेवूनच देतो. व्ही-स्ट्रॉम एसएक्सला रेडिएटरच नाही, ऑइल कूल्ड आहे, आणि ती अडीचशेची असल्याने मुळात गरमीच कमी.

रुंदीचं मात्र मी आधी डोक्यात घेतलं नव्हतं, ते भाड्याच्या गाडीने शिकवलं. रुंद हँडल, त्यावर हँडगार्ड, त्याच्या बाहेर आरसे. गाडी उंच असल्यामुळे आरसे छोट्या कारच्या आरशांच्या वरून जातात, ही मजा आहे, दोन वॅगनआरच्या मधून जाताना एकदम राजेशाही वाटतं. पण समोर दोन एसयूव्ही आल्या की सगळे आरसे एका रेषेत, आणि हल्ली ठाण्यात एसयूव्हीशिवाय दुसरं आहे काय. तिथे थांबायचं. हँडलवर क्रॅश गार्डची भर घातली की तर बोलायलाच नको, त्यामुळे शोरूमवाला कितीही म्हणाला तरी बाहेर आलेले मोठे गार्ड मी बसवले नाहीत, बारीक घेतले.

३९० ॲडव्हेंचर एक्सबद्दल दोन वाक्यं, कारण तिच्यावर अन्याय नको. जानेवारी २०२५ ला आलेली नवी गाडी, ३९९ सीसी, ४६ पीएस, पुढे १९ आणि मागे १७ इंची अलॉय, टायर ट्यूबलेस, वजनाला हिमालयनपेक्षा हलकी. कागदावर रोजच्या वापराला हीच सगळ्यात शहाणी निवड होती. पण तिच्यावर बसलो की माझ्या हातून ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जायचा, आणि ४५ वयाच्या कंबरदुखीवाल्या माणसाने स्वतःला एवढं ओळखलेलं असावं.

व्ही-स्ट्रॉम एसएक्सने मात्र फार छळलं. १६७ किलो. पार्किंगमध्ये एका हाताने मागे ढकलता येते. मायलेज जास्त, मेंटेनन्स कमी. मित्र म्हणाला अरे डोळे मिटून ही घे. आणि नुसतं सीप्झ असतं तर मी खरंच घेतली असती. पण आमचं गाव चिपळूणजवळ, गणपती-शिमगा-मे महिना जाणं होतंच, मागे बायको, सामान, परशुराम घाट, आणि तिथे चाळीस न्यूटन मीटर आणि अडीचशे सीसी यात फरक पडतो. वर्षातून चार वेळेसाठी रोज तीस किलो जास्त वजन वाहायचं का, हा हिशोब मी बरेच दिवस करत होतो आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं.

बायकोचं मत इथे महत्त्वाचं, कारण तिला कापूरबावडीपर्यंत रोज सोडायचं असतं. या गाड्यांची मागची सीट उंच असते आणि तिच्या मागे कॅरिअर, त्यामुळे पाय मागून फिरवून बसायचा प्रश्नच येत नाही. माझ्या खांद्याला धरायचं, डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं, आणि मग उजवा पाय माझ्या पाठीच्या आणि कॅरिअरच्या मधून पलीकडे टाकायचा. आणि ती जेव्हा एका पायावर उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन डावीकडे, आणि तेव्हाच माझा डावा पाय चवड्यावर. पहिल्यांदा शोरूमबाहेर करून बघितलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की सेल्सवाला पोरगा पण गाडी धरायला पुढे आला. तिने सरळ सांगितलं, तुझे पाय पोचत नसतील तर मी बसणार नाही, मग घे तुला जी घ्यायची ती. मग लो सीटचा शोध लागला. हिमालयनची नेहमीची सीट ८२५ आणि ८४५ अशी दोन उंचींवर बसते, ॲक्सेसरीमधली लो सीट घेतली की ८०५ आणि ८२५. वीस मिलीमीटर म्हणजे काय, दोन सेंटीमीटर, पण त्या दोन सेंटीमीटरनी चवड्याची अर्धी टाच झाली. गादी थोडी पातळ होते, ते खरं. बायको आता पंजाबी ड्रेसवर सराईतपणे चढते, साडी असेल त्या दिवशी रिक्षा.

एवढं सगळं होऊन २०२५ चा ऑगस्ट उजाडला, आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी सुधारणार अशी घोषणा झाली. झालं, सगळा बाजार थांबला. शोरूममध्ये विचारलं तर सर थांबा, कमी होईल, बँकेतला मित्र म्हणाला थांब, मोठ्या गाड्यांचं वाढेल. आम्ही गणपतीला गावाला गेलो. २ सप्टेंबरला गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि ३ तारखेला रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या बाईकना २८ चे १८ टक्के, आणि साडेतीनशेच्या वर सरळ ४० टक्के. आधी मोठ्यांना २८ आणि वर ३ सेस असे ३१ होते. म्हणजे माझ्या यादीतली सुझुकी सोळा-सतरा हजारांनी उतरणार आणि हिमालयन वीसेक हजारांनी चढणार. एका रात्रीत दोघींमधलं अंतर सत्तर हजारांवरून लाखाच्या वर.

आणि साडेतीनशेची ही रेघ फक्त जीएसटीतच नाही बरं का, हे मला कोटेशन हातात आल्यावर कळलं. नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम भरावा लागतो. दीडशे ते साडेतीनशे सीसीला तो तेव्हा ७,३६५ रुपये होता, साडेतीनशेच्या वर १५,११७, शिवाय वर १८ टक्के जीएसटी. सरळ दुप्पट. आणि आपल्या राज्याचा रोड टॅक्स, ३०० सीसीच्या खाली ११ टक्के आणि वर १२. एनएक्स५०० जानेवारी २०२४ ला ५ लाख ९० हजार एक्स-शोरूमने आली होती, त्यावर १२ टक्के टॅक्स, इन्शुरन्स धरला की सातच्या घरात, आणि आता ४० टक्के. दोन सिलिंडरना मी मनातल्या मनात नमस्कार केला. रोज उघड्यावर, कंपनीच्या गेटबाहेर पार्क करायला सात लाखाची गाडी, नाही झेपणार. झोपच लागायची नाही.

तर निर्णय झाला, हिमालयन ४५०, आणि २२ च्या आत. लगेच दोन अडचणी. पहिली ट्यूबची. या गाडीला तारांची चाकं, आणि साध्या तारांच्या चाकात ट्यूब असते. शहरात पंक्चर झालं तर ट्यूबलेसला पाच मिनिटांत बाहेरून दोरी भरून मोकळे, ट्यूबवाल्याला चाक उतरवायचं, टायर काढायचा, आणि २१ इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही. कंपनी जादा पैसे घेऊन ट्यूबलेस तारांची चाकं देते, पण त्याला वेटिंग, आणि मी थांबलो तर २२ तारीख ओलांडते. स्टॉकमध्ये उभी असलेली होती ती ट्यूबवाली. वीस हजार वाचवून ट्यूबवाली घ्यायची की वीस हजार आणि वर चाकांचे पैसे घालून ट्यूबलेस? मी स्टॉकवाली घेतली. चाकं नंतरही बदलता येतात, टॅक्स परत मिळत नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. अनंत चतुर्दशी ६ तारखेला, पुढे लगेच पितृपक्ष, सर्वपित्री अमावास्या २१ ला. म्हणजे जुन्या दराने गाडी घ्यायचे जे काही दिवस उरले ते सगळे पक्षातले. आणि २२ ला घटस्थापना, मुहूर्त उत्तम, टॅक्स ४० टक्के. सरकारने पंचांग बघून तारीख काढली असणार, शंभर टक्के. आई म्हणाली पक्षात आपल्याकडे साधा टीव्ही घेतला नाही कधी, आणि तू गाडी आणणार? म्हटलं आई वीस हजार. आई म्हणाली वीस हजार काय माणसापेक्षा जास्त आहेत का. या वाक्यापुढे कुठल्याही मराठी घरात काही बोलता येत नाही.

शोरूममध्ये गेलो तर तिथे हीच रड घेऊन आलेले आणखी चौघे बसलेले. एक आजोबा नातवाच्या वतीने भांडत होते. एरवी पक्षात शोरूम ओस असतं म्हणे, सेल्सची पोरं सुट्टीवर जातात, या वर्षी लहान गाड्यांच्या काउंटरवर शुकशुकाट, सगळे २२ ची वाट बघणारे, आणि मोठ्या गाड्यांच्या काउंटरवर गर्दी. तिथल्याच एका अनुभवी बाईंनी तोडगा सांगितला आणि तो इतका सरळ होता. टॅक्स लागतो बिलाच्या तारखेवर. बिल, पैसे, इन्शुरन्स, नोंदणी हे सगळं आत्ता करा. नंबर पडून हाय सिक्युरिटी प्लेट यायला तसेही दिवस जातात, आणि प्लेट लागल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर देता येत नाही. म्हणजे गाडी घरी नेणार ती घटस्थापनेलाच. आईला फोन लावला. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली कागदाला पक्ष लागत नाही, गाडीला लागतो. हा नियम तिने तिथल्या तिथे तयार केला, पण मी कशाला बोलू. बिल पक्षात, हार-नारळ घटस्थापनेला, एमएच ०४ ची पाटी लावून.

घटस्थापनेच्या त्याच दिवशी घोडबंदर रोडवर गायमुखच्या बाजूला मेट्रो ४ ची ट्रायल रन होती, मुख्यमंत्री आलेले, त्यामुळे बंदोबस्त. नवीन गाडीची पहिली चक्कर मी त्या गर्दीत फर्स्ट गिअरमध्ये मारली, वर रिकामी मेट्रो आणि खाली आम्ही. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, भाऊ आता ही सुरू होणार, मग एवढी मोठी गाडी कशाला घेतली?

आता काही महिने झाले. ट्रॅफिकमध्ये मायलेज पंचवीस-सव्वीसच्या आसपास पडतं, ईस्टर्न एक्सप्रेस मोकळा मिळाला तर अठ्ठावीस, युनिकॉर्नच्या मानाने जवळपास अर्धंच, आणि गाडी घेतली तेव्हा पेट्रोल १०३-१०४ रुपये होतं, तो हिशोब ज्याने त्याने आधीच करावा. टाकी १७ लिटरची असल्याने पंपावर जाणं दुप्पट झालं नाही एवढंच. कंबर बरी आहे. पूर्ण बरी नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी मलम लावून झोपायचो ते बंद झालं.

रोजची खरी परीक्षा रस्त्यावर नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. आमची जागा पोडियमवर, रॅम्प चढून, एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची क्रेटा. सरळ आत घातली तर सकाळी १९६ किलो मागे ओढायची, ती पण किंचित चढावर. त्यामुळे मी संध्याकाळीच, कितीही दमलो असलो तरी, आधी गाडी वळवून तोंड बाहेर करून लावतो, इंजिन बंद करायच्या आधी, क्लचवर, उतार वापरून. वॉचमनकाकांनी सुरुवातीला मागून धरायला यायचं सुरू केलं होतं, आता नुसते खुर्चीतून हात करतात. साईड स्टँडवर गाडी बरीच डावीकडे झुकते, तेवढी जागा क्रेटाच्या दारासाठी सोडावी लागते, त्यावरून एकदा शेजाऱ्यांशी प्रेमाने बोलणं झालेलं आहे.

पंक्चर अजून झालेलं नाही. सीटखाली एक २१ इंची ट्यूब घेऊन ठेवायचं म्हणतोय, पण तिथे जागाच नाही, टॉप बॉक्स घ्यावा लागेल, आणि टॉप बॉक्स लावला की बायको कुठून पाय टाकणार हा प्रश्न परत आला. तिने तर सांगून टाकलंय, बॉक्स लावशील त्या दिवसापासून मला रिक्षाचे पैसे द्यायचे. त्यापेक्षा ट्यूबलेस चाकंच स्वस्त पडतील असं दिसतंय. या महिन्यात सर्व्हिसिंगला टाकली की भाव विचारतो.